जोडी लागते का? पूर्ण वर्गांवरच्या टिपणसंचाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

शनिवारच्या गणिताच्या जादा तासासाठी टिपणसंच करायचा, हे आज नक्की झालं. आठवी-नववीची मुलं, आठ पानं, सगळं मराठीत. विषय: मूळ अवयव आणि पूर्ण वर्ग. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत या विषयावर पन्नास युक्त्या एकापुढे एक मांडलेल्या असतात आणि मुलांच्या हाती शेवटी एकही लागत नाही. म्हणून एकच गोष्ट धरून आठ पानं जायचं: संख्येचे मूळ अवयव पाडा, प्रत्येकाचा घातांक सम आहे की विषम एवढं बघा, बाकीचं सोडून द्या.

पहिला प्रश्न शाळेच्या पुस्तकातल्या धाटणीचाच घेतला, फक्त संख्या जरा ओळखीची. ६१७४ ला कमीत कमी कितीने गुणलं तर पूर्ण वर्ग मिळेल? ही देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची संख्या. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा, हेच करत राहा; सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि मग ७६४१ − १४६७ = ६१७४ असं तिथेच फिरत राहते.

६१७४ = २ × ३² × ७³. जोडी न लागलेले अवयव २ आणि ७, म्हणून १४ ने गुणायचं: ८६४३६ = २९४². इथपर्यंत मुलं डोळे मिटून येतात. पुढचा प्रश्न मात्र पुस्तकात सहसा जोडून येत नाही: भागायचं असेल तर कमीत कमी कितीने? पुन्हा १४. ६१७४ ÷ १४ = ४४१ = २१². हे दरवेळी असंच होणार, कारण विषम घातांकात एक मिळवा नाहीतर एक काढा, तो समच होतो. गुणाकार आणि भागाकार यांच्यातला फरक इथे पुसला जातो. पान १ यावरच संपवायचं.

१७ जून

चालू सालाचा मोह आवरत नाही. २०२५ = ३⁴ × ५² = ४५². वर २० + २५ = ४५, वर्गाच्या दोन तुकड्यांच्या बेरजेत तीच संख्या परत येते, म्हणजे ४५ ही कापरेकर संख्याही झाली. मागचं पूर्ण वर्ग साल १९३६, पुढचं २११६. मुलांना हे आवडणार यात शंका नाही, पण पुढच्या वर्षी हाच संच वापरायचा तर पान शिळं होणार. शेवटी समासात चौकट ठेवली आणि खाली प्रश्न टाकला: २०२६ ला कमीत कमी कितीने गुणावं लागेल? २०२६ = २ × १०१३, आणि १०१३ मूळ. उत्तर २०२६. एक फुकटचं आणि एक इतकं महाग, अशी दोन सालं शेजारीशेजारी बघितली की सम-विषम लक्षात राहतं.

२१ जून, शनिवार

आज विभाजकांची संख्या. पूर्ण वर्गालाच विभाजक विषम संख्येने असतात, हे दोन रस्त्यांनी दाखवलं. एक, विभाजकांच्या जोड्या: ३६ चे १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ एकटा उरतो. दोन, सूत्र: ३६ = २² × ३², म्हणून (२+१)(२+१) = ९; घातांक सम असले तरच प्रत्येक कंस विषम. मला पहिला रस्ता जास्त आवडतो. सूत्र न शिकता चौथीतल्या मुलालाही तो पटतो. पण पुढची सगळी पानं दुसऱ्यावर उभी आहेत, म्हणून दोन्ही ठेवले.

यातून निघालेला चांगला प्रश्न: १० × ९ × ८ × … × १, म्हणजे १०!, याच्या विभाजकांपैकी पूर्ण वर्ग किती?

१०! = २⁸ × ३⁴ × ५² × ७. वर्ग हवा तर २ चा घातांक ०, २, ४, ६, ८ यांपैकी. ३ चा ०, २, ४. ५ चा ० किंवा २. ७ चा फक्त ०. एकूण ५ × ३ × २ × १ = ३०. गणित ऑलिंपियाडच्या निवडीतल्या पहिल्या परीक्षेला, आयओक्यूएमला, उत्तरं ० ते ९९ मधलीच असतात, तेव्हा हा प्रश्न तिथेही शोभला असता.

एका मुलीने विचारलं, की मग कुठलं तरी न! स्वतःच पूर्ण वर्ग असेल का? १! सोडलं तर नाही. १०! मध्ये ७ एकदाच येतो, कारण दुसरा यायला १४ पर्यंत जावं लागेल. सगळ्या न साठी हेच म्हणायचं तर, कुठलीही मूळ संख्या आणि तिची दुप्पट यांच्या मध्ये आणखी एखादी मूळ संख्या असतेच, याची खात्री लागते. ती आहे: बर्ट्रांडने १८४५ मध्ये अंदाज मांडला, चेबिशेव्हने काही वर्षांतच सिद्ध केला, आणि १९३२ मध्ये पॉल एर्डिशने विशीच्या आतच त्याची एक सुटसुटीत सिद्धता दिली. तिच्यातही सगळा भर एका द्विपदी सहगुणकाचे (२न वस्तूंतून न निवडायचे प्रकार जितके, त्या संख्येचे) मूळ अवयव मोजण्यावर आहे. संचात सिद्धता घालणार नाही, विधान मात्र घालणार. न पर्यंतची सगळ्यांत मोठी मूळ संख्या घ्या. तिची दुप्पट न च्या आत असती तर मध्ये आणखी मोठी मूळ संख्या सापडली असती. म्हणजे ती न! मध्ये एकदाच येते. घातांक १, विषम. संपलं.

२८ जून, शनिवार

संचाचं खरं पान हे. इथून संख्या फेकून द्यायची आणि तिच्या जागी शून्य-एकची ओळ लिहायची.

२, ३, ५, ७ हेच मूळ अवयव असलेल्या संख्या घेऊ. घातांक सम असेल तर ०, विषम असेल तर १:

६ → १ १ ० ०
१० → १ ० १ ०
१४ → १ ० ० १
१५ → ० १ १ ०
२१ → ० १ ० १

दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे ओळींची बेरीज, आणि १ + १ = ०. दिव्याचं बटण दोनदा दाबलं की दिवा होता तसाच, इतकंच ते आहे. सगळी ओळ शून्य झाली की पूर्ण वर्ग. फळ्यावर तक्ता काढल्याबरोबर मागच्या बाकावरून ‘६, १०, १५’ आलं: ९०० = ३०². मग ६ × १४ × २१ = १७६४ = ४२². आणि १० × १४ × १५ × २१ = ४४१०० = २१०². हे तिसरं उत्तर म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज. ६ दोन्हीकडे होता, म्हणून गेला. ते फळ्यावर दाखवताना एक-दोघांचे चेहरे उजळले, बाकीच्यांना पुढच्या वेळी पुन्हा दाखवावं लागेल.

नंतर दावा: असे मूळ अवयव असलेल्या कोणत्याही पाच संख्या घ्या, त्यांतल्या काहींचा (एक, दोन, कितीही) गुणाकार पूर्ण वर्ग येणारच. संख्या कितीही मोठ्या असोत. कारण मोजणीत आहे. पाच संख्यांतून किमान एक निवडायचे प्रकार ३१. ओळी मात्र २ × २ × २ × २ = १६ च शक्य. ३१ निवडी आणि १६ ओळी, तेव्हा दोन वेगळ्या निवडींची ओळ सारखी येणार. त्या दोन्ही एकत्र केल्या की शून्य ओळ. दोन्हींत असलेल्या संख्या दोनदा येतात म्हणून खोडायच्या, आणि निवडी वेगळ्या असल्याने काहीतरी उरतंच. चार संख्यांवर हे चालत नाही: २, ३, ५, ७ घेऊन बघा.

आठवीच्या मुलांना ‘३१ आणि १६’ लगेच पटलं, ‘खोडायच्या’ पटायला वेळ लागला. पानावर त्या पायरीला एक सोडवलेलं उदाहरण हवं.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी, त्यामुळे हजेरी निम्मी. जे आले त्यांच्यापुढे थेट १९८५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधला प्रश्न ठेवला. ती फिनलंडमध्ये झाली होती. प्रश्न क्रमांक ४ असा: १९८५ वेगवेगळ्या धन पूर्णांक संख्या आहेत आणि एकीलाही २६ पेक्षा मोठा मूळ अवयव नाही. सिद्ध करा, की त्यांत अशा चार संख्या आहेतच, ज्यांचा गुणाकार एखाद्या पूर्णांकाचा चौथा घात आहे.

ऐकायला भयंकर, आणि मागच्या शनिवारचं पान येत असेल तर सरळ. २६ पर्यंतच्या मूळ संख्या नऊ: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३. म्हणून ओळी २⁹ = ५१२. ५१३ संख्या हाताशी असल्या की दोघींची ओळ सारखी येते, आणि त्या दोघींचा गुणाकार पूर्ण वर्ग. ती जोडी बाजूला काढा. उरलेल्यांत अजून ५१३ आहेत तोवर आणखी एक जोडी निघते. १९८५ मधून अशा ५१२ जोड्या काढल्या तरी ९६१ उरतात, म्हणजे ५१३ वी जोडीही मिळते.

आता प्रत्येक जोडीच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या. ५१३ वर्गमुळं, मूळ अवयव तेच नऊ. पुन्हा दोघांची ओळ सारखी, त्यांचा गुणाकार वर्ग. वर्गमुळांचा गुणाकार वर्ग, म्हणजे मूळच्या चार संख्यांचा गुणाकार चौथा घात.

एका मुलाने आकडेमोड करून सांगितलं, की एवढ्या संख्या लागतच नाहीत; १०२४ + ५१३ = १५३७ पुरतात. बरोबर. १९८५ हे फक्त स्पर्धेचं साल. प्रश्न काढणारे अशी गंमत करतात आणि मुलं उगाच त्या आकड्यात अर्थ शोधत बसतात, हेही सांगून टाकलं.

एकच युक्ती दोनदा, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. माझ्या मते वर्गात दाखवायला या विषयावर याहून चांगला ऑलिंपियाड प्रश्न नाही.

९ जुलै

छपाईची कटकट. देवनागरी फाँटात वर चढवलेले अंक नाहीत, त्यामुळे ३² मधला २ दुसऱ्या फाँटातून आणावा लागतो आणि पानावर तो किरकोळ दिसतो. या संचात सगळा जीव घातांकात, आणि तोच वाचता येत नाही. घातांक एक माप मोठे आणि ठळक करायला सांगितलं. लांबलचक अवयवांसाठी सरळ तक्ता: वरच्या रांगेत मूळ संख्या, खाली घातांक.

१२ जुलै, शनिवार

१९९६ ची ऑलिंपियाड मुंबईत झाली होती, सदतिसावी. तिचाही चौथा प्रश्न वर्गांचाच. हा सोपा नाही, पण तो आपल्याच शहरात विचारला गेला होता आणि नववीच्या गणितात मावतो, म्हणून दोन पानं त्याला दिली.

प्रश्न: अ आणि ब या धन पूर्णांक संख्या अशा आहेत, की १५अ + १६ब आणि १६अ − १५ब दोन्ही धन पूर्णांकांचे वर्ग आहेत. या दोन वर्गांतला लहान वर्ग कमीत कमी किती असू शकतो?

१५अ + १६ब = म² आणि १६अ − १५ब = न² मानू. ब घालवायला पहिल्याला १५ ने, दुसऱ्याला १६ ने गुणून बेरीज. अ घालवायला पहिल्याला १६ ने, दुसऱ्याला १५ ने गुणून वजाबाकी:

१५म² + १६न² = ४८१अ
१६म² − १५न² = ४८१ब

हा ४८१ म्हणजे १५² + १६². खालच्यातून वरचं वजा केलं की म² − ३१न² ला ४८१ ने भाग जातो. आणि इथे अवयव पाडायचे: ४८१ = १३ × ३७. ही पायरी सुचली नाही तर पुढचं सगळं बंद.

१३ ने भागल्यावर ३१ ची बाकी ५. म्हणजे म² आणि ५न² यांची १३ ने भागल्यावरची बाकी सारखी असायला हवी. वर्गांना १३ ने भागल्यावर बाक्या येतात त्या एवढ्याच: ०, १, ३, ४, ९, १०, १२. यांना ५ ने गुणून पुन्हा बाकी घेतली तर: ०, ५, २, ७, ६, ११, ८. दोन्ही याद्यांत सामाईक फक्त ०. म्हणून म² ला आणि न² ला १३ ने भाग जातो, आणि १३ मूळ असल्याने म आणि न यांनाही. ३७ चं काम दोन बाकांना वाटून दिलं. वर्गांच्या शून्येतर बाक्या १८, त्यांना ३१ ने गुणून आलेल्या १८, आणि दोन्हींत एकही सामाईक नाही. तेव्हा ३७ नेही भाग जातो. म आणि न दोन्ही ४८१ च्या पटीत, म्हणजे लहान वर्गसुद्धा निदान ४८१² = २३१३६१.

तो गाठता येतो का, हे दाखवल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. म = न = ४८१ ठेवा: अ = ३१ × ४८१, ब = ४८१. पडताळा: १५ × ३१ + १६ = ४८१ आणि १६ × ३१ − १५ = ४८१. दोन्हीकडे ४८१².

मुख्य काम मात्र यानंतरचं. १५-१६ च्या जागी लहान जोड्या घालून सरावाचे प्रश्न बनवले, आणि त्यांनीच मला जास्त करमणूक दिली.

१ आणि २ घेतले (अ + २ब, २अ − ब): ५ ने भाग जायला हवा, उत्तर २५; अ = १५, ब = ५.

२ आणि ३ घेतले: २² + ३² = १३, उत्तर १६९; अ = ६५, ब = १३.

३ आणि ४: ३² + ४² = २५. आत्तापर्यंतची चाल धरली तर उत्तर ६२५ यायला हवं. पण नाही. अ = ७, ब = १ ठेवून बघा: २१ + ४ = २५ आणि २८ − ३ = २५. उत्तर २५ च. कारण बाक्यांची यादी फक्त ५ बद्दल बोलते. म आणि न ला ५ ने भाग गेला, की त्यांच्या वर्गांत ५ ची जोडी आपोआप आली, आणि २५ ला तेवढी पुरली. ४८१ मध्ये १३ आणि ३७ एकेकदाच आहेत, जोडी लागलेली नाही, म्हणून तिथे पूर्ण ४८१ लागतो. पहिल्या पानावरचा प्रश्न इथे पुन्हा उगवतो हे मला आधी दिसलं नव्हतं.

४ आणि ५ घेतले तर प्रश्नच कोसळतो: अ = ब = १, वर्ग ९ आणि १. इथे ३१ च्या जागी ९ येतो आणि तो स्वतःच वर्ग आहे. असे प्रश्न काढताना आकडे किती तोलून निवडावे लागतात, हे मुलांना कळावं म्हणून हाही प्रश्न ठेवला. नाव: ‘फसलेला प्रश्न’.

१९ जुलै, शनिवार

उलटा रस्ता. इतके दिवस अवयवांवरून वर्ग ओळखले. आता वर्गांवरून अवयव. विषम न = अ² − ब² असं मांडता आलं तर न = (अ − ब)(अ + ब). सुरुवात ८०५१ ने: ९० × ९० = ८१००, फरक ४९, म्हणून ८३ × ९७. कार्ल पॉमरन्स या अमेरिकन गणितज्ञाने लिहिलं आहे, की शाळकरी वयात एका स्पर्धेत हाच प्रश्न त्याला आला होता आणि वेळेत युक्ती सापडली नव्हती. पुढे हा माणूस मोठमोठ्या संख्या फोडण्याची पद्धत काढणार होता.

ही पद्धत फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाची. त्याचं स्वतःचं उदाहरण १६४३ च्या सुमारचं आहे: २०२७६५१२८१. वर्गमूळ ४५०२९ च्या थोडं पुढे, म्हणून ४५०३० पासून. ४५०३०² मधून संख्या वजा केली की ४९६१९; विषम वर्गाचा दशकस्थानचा अंक नेहमी सम असतो, तेव्हा १९ ने संपणारा वर्ग नाही, गुणाकार न करताच बाद. असं करत ४५०४१ ला फरक १०४०४०० येतो, तो १०२०². म्हणून ४४०२१ × ४६०६१. लहान भाजकांनी भागत बसलो असतो तर ४४ हजारांपर्यंत जावं लागलं असतं. इथे बाराव्या पायरीला काम झालं. अर्थात अवयव जवळजवळचे होते म्हणून. लांबचे असले तर ही पद्धत रडकुंडीला आणते.

२६ जुलै, शनिवार

फरक वर्ग येत नसेल तर काय? १६४९ घेतली.

४१² − १६४९ = ३२
४२² − १६४९ = ११५
४३² − १६४९ = २००

एकही वर्ग नाही. फेर्मा असता तर पुढे गेला असता. पण ओळी लिहा: ३२ = २⁵, २०० = २³ × ५². दोन्हींत विषम फक्त २. म्हणून ३२ × २०० = ६४०० = ८०². बेल्जियममध्ये काम करणाऱ्या मोरिस क्रायचिकला १९२० च्या दशकात हे सुचलं: एकेकटा फरक वर्ग नसला तरी चालेल, काही फरकांचा गुणाकार वर्ग आला की पुरे.

४१ × ४३ = १७६३; १६४९ ने भागून बाकी ११४. तेव्हा ११४² आणि ८०² यांची १६४९ ने भागल्यावरची बाकी सारखी, म्हणजे (११४ − ८०)(११४ + ८०) ला १६४९ ने भाग जातो. ३४ आणि १६४९ यांचा मसावि १७. १९४ आणि १६४९ यांचा ९७. १७ × ९७ = १६४९.

वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही, मग एकाने विचारलं, ‘सर, पण अवयव तर आपण ३२ आणि २०० चे पाडले, १६४९ चे कुठे पाडले?’ हाच तर मुद्दा. मोठीला हात न लावता लहान लहान फोडायच्या.

पॉमरन्सची संख्या फोडायची पद्धत, क्वाड्रॅटिक सीव्ह (१९८१), याच पायावर आहे. चाळणी लावून लहान अवयव असलेले फरक झटपट वेचायचे ही त्याची भर. १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली होती, आरएसए-१२९, बक्षीस १०० डॉलर. ती एप्रिल १९९४ मध्ये फुटली, याच चाळणीच्या सुधारित रूपाने, इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांच्या यंत्रांवर. त्यांच्या तक्त्यात पाच लाखांहून जास्त मूळ संख्यांचे रकाने होते. आमच्या २८ जूनच्या तक्त्यात चार. भरायचं मात्र तेच, शून्य आणि एक. आज अंकांनी आणखी मोठ्या संख्यांसाठी नंबर फील्ड सीव्ह वापरतात. शेवटी तिथेही शून्य-एकचाच प्रचंड तक्ता सोडवावा लागतो.

२ ऑगस्ट, शनिवार

मुलांनी हाताने फोडायला संख्या हवी होती, जिच्यात फेर्माचा रस्ता लांबचा आणि क्रायचिकचा जवळचा. बरीच शोधाशोध करून १९२१ वर थांबलो.

४४² → १५ = ३ × ५
४५² → १०४ = २³ × १३
४६² → १९५ = ३ × ५ × १३
४७² → २८८ = २⁵ × ३²
४९² → ४८० = २⁵ × ३ × ५

(४८² चा फरक ३८३ मूळ आहे, तो टाकला. ४५² म्हणजे आपलं २०२५, हे कुणीतरी लगेच हेरलं.)

बहुतेकांनी १५ × २८८ × ४८० पकडलं: २०७३६०० = १४४०². दुसऱ्या बाजूला ४४ × ४७ × ४९ ला १९२१ ने भागून बाकी आली १४४०. वजाबाकी शून्य, हाती भोपळा. मला हेच हवं होतं. दोन्ही बाजूंना एकच संख्या आली (किंवा बेरीज १९२१ च्या पटीत आली) तर अवयव मिळत नाहीत, आणि असं वरचेवर होतं. म्हणून तक्त्यातून एकापेक्षा जास्त वर्ग काढावे लागतात.

दुसरी निवड: १०४ × १९५ × ४८० = ३१२०². ३१२० ची बाकी ११९९. ४५ × ४६ × ४९ ची बाकी १५३८. फरक ३३९, ३३९ आणि १९२१ यांचा मसावि ११३. बेरीज २७३७, तिचा मसावि १७. आणि १७ × ११३ = १९२१.

एका गटाने पंधराव्या मिनिटाला सरळ १७ ने भागून उत्तर सांगितलं आणि एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं. रास्त आहे. चार अंकी संख्येला १७ पर्यंतचे सात भाजक तपासणं केव्हाही स्वस्त. त्यांना गृहपाठ: फेर्माची दहा अंकी संख्या भाजकांनी फोडायला किती भागाकार लागतील, याचा अंदाज करा. ४४०२१ पर्यंतच्या मूळ संख्या साडेचार हजारांच्या घरात आहेत.

६ ऑगस्ट

पानं लावून झाली. पान १ ला ६१७४, पान २ विभाजक, पान ३ ओळी, पान ४ ला १९८५ चा प्रश्न, पान ५-६ मुंबईचा आणि त्याचे तीन धाकटे भाऊ, शिवाय फसलेला. पान ७ फेर्मा आणि १६४९. पान ८ ला १९२१ चा नुसता तक्ता, उत्तर नाही. आरएसए-१२९ ची गोष्ट पान ७ च्या तळाला बारीक टायपात.

भास्कराचार्यांचं ६१क्ष² + १ वर्ग करायचं गणित (क्ष = २२६१५३९८०) घालावं असं एक सहकारी म्हणाले. ते सुंदर आहे, पण तिथे अवयव पाडून काही होत नाही. चक्रवाल पद्धत लागते. वेगळा संच होईल. आणखी एक सूचना होती, की प्रत्येक पानाखाली ‘लक्षात ठेवा’ची चौकट हवी. ती घेतली नाही.

राहिलेली कामं: ३७ च्या बाक्यांची यादी पुन्हा तपासून घेणे, पान ३ वरची ‘खोडायची’ पायरी सोडवलेल्या उदाहरणासह, आणि झेरॉक्सला देण्याआधी घातांक खरोखर वाचता येतात का ते एका आठवीच्या मुलाला वाचायला देऊन बघणे.